खोकल्याची बाटली उघडण्याआधी

घरात कुणी खोकायला लागलं की पहिला प्रश्न येतो, "काही घेतलंस का?" त्याआधी विचारायला हवं, "किती दिवस झाले?" खोकला कोरडा की ओला, बेडका पांढरा की पिवळा, आवाज छातीतून येतो की घशातून, यावर घरोघरी भरपूर खल होतो. निदान करणाऱ्याला मात्र यातल्या बहुतेक गोष्टींपेक्षा तारीख जास्त उपयोगी पडते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतो, तिथेच खोकला सुरू झालेला दिवस लिहून ठेवला तर पुढचा बराच गोंधळ टळतो.

साध्या सर्दी-पडशात घसा दोन-तीन दिवस दुखतो, नाक आठवडाभर वाहतं आणि खोकला सरासरी १८ दिवस टिकतो. लोकांची अपेक्षा मात्र आठवड्यात खडखडीत बरं होण्याची असते. म्हणून आठव्या दिवशी डॉक्टर बदलले जातात, दहाव्या दिवशी अँटिबायोटिक सुरू होतं, सतराव्या दिवशी खोकला आपसूक ओसरतो आणि श्रेय त्या गोळ्यांना मिळतं. पुढच्या सर्दीला तीच पट्टी मेडिकलमधून थेट आणली जाते. हे चक्र इतकं पक्कं बसलंय की 'अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या' हा आता जवळजवळ घरगुती उपायच झालाय. सर्दी-पडसं विषाणूंमुळे होतं, आणि विषाणूंवर या अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही.

विषाणू गेल्यावरही खोकला का राहतो? श्वासनलिकेच्या आतलं अस्तर सोललं गेलेलं असतं आणि त्याखालच्या चेतातंतूंची टोकं हळवी झालेली असतात. मग फोडणीचा खाट, एसीची गार हवा, जोरात हसणं, फोनवर लांबलेलं बोलणं, कशानेही ढास लागते. अस्तर भरून यायला तीन ते आठ आठवडे लागू शकतात. या काळात ताप नसेल, भूक ठीक असेल, दम लागत नसेल आणि खोकला आठवड्यागणिक कमी होत असेल तर थांबणं हाच उपचार. बेडक्याचा हिरवा-पिवळा रंग पांढऱ्या पेशींमधल्या एका विकराचा असतो; नुसत्या रंगावरून जंतुसंसर्ग ठरवता येत नाही.

पण थांबायचं ते एक तपासणी उरकून.

पंधरावा दिवस

पाठ्यपुस्तकं तीन आठवड्यांपर्यंतच्या खोकल्याला अल्पकालीन म्हणतात. आपल्या देशात मात्र खोकला दोन आठवडे टिकला की बेडक्याची टीबीसाठी तपासणी करायची, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे. पंधराव्या दिवशी खोकणाऱ्या बहुतेकांना टीबी नसतोच. ज्याला असतो तो मात्र निदान होईपर्यंत घरात, वर्गात, लोकलच्या डब्यात जंतू सोडत राहतो, म्हणून हा नियम. घरात टीबीचा रुग्ण असेल किंवा एचआयव्ही असेल तर दोन आठवड्यांचीही वाट पाहायची नाही. मधुमेह असेल तर खोकल्यासोबतच्या बारीक तापाकडे आणि घटत्या वजनाकडे जास्त काटेकोरपणे पाहायचं. संध्याकाळी अंग कोमट लागणं, रात्री घामाने उशी भिजणं, पँट कमरेत सैल होणं, या गोष्टी रुग्ण स्वतःहून सांगत नाहीत, विचाराव्या लागतात.

सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर जंतू आहे का, आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देतो का, हे दोन्ही एकाच दिवसात कळू शकतं. (ट्रूनॅट हे गोव्यातल्या कंपनीचं यंत्र, बॅटरीवरही चालतं, म्हणून वीज बेभरवशाची असलेल्या आरोग्य केंद्रातही टिकतं.)

तपासणी फसते ती बहुतेकदा नमुन्यात. डबीत थुंकी भरून दिली की अहवाल 'निगेटिव्ह' येतो आणि सगळे निर्धास्त होतात. नमुना सकाळी उठल्याबरोबर, चहा-नाश्त्याआधी घ्यावा. साध्या पाण्याने चूळ भरावी, पेस्ट लावू नये. गच्चीत किंवा अंगणात, माणसांपासून लांब उभं राहावं. दोन-तीनदा खोल श्वास घेऊन सोडावा, मग एक मोठा श्वास थोडा रोखून पोटातून खोकावं. डबीत २ ते ५ मिली, म्हणजे साधारण अर्धा-एक चमचा, दाट चिकट बेडका पडायला हवा. फेसाळ पाण्यासारखं काही आलं तर पुन्हा प्रयत्न करावा. झाकण घट्ट लावावं, नाव डबीवर लिहावं (झाकणावर नको, झाकणं बदलतात) आणि त्याच दिवशी पोचवावं.

एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी. तपासणीआधी लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन यांसारखी अँटिबायोटिकं घेऊ नका. ती टीबीच्या जंतूवर अर्धवट चालतात. आठवडाभर बरं वाटतं, नमुन्यात जंतू सापडत नाहीत, निदान काही आठवडे मागे पडतं आणि प्रतिकार तयार होण्याची सोय होते. 'छातीत कफ झालाय' म्हणून काउंटरवरून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत ही नावं हमखास असतात.

टीबी निघाला तर साध्या, औषधांना दाद देणाऱ्या प्रकारात सहा महिने रोज गोळ्या. पोषणासाठी सरकारकडून मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० झाले आहेत आणि ते रुग्णाच्या खात्यात जमा होतात. खाजगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यालाही, नोंदणी झाली असेल तर, ते मिळतात. हे अनेकांना ठाऊक नसतं.

आठ आठवडे उलटले, एक्स-रे स्वच्छ, तरी खोकला

इथे खरी शोधाशोध सुरू होते. मोठ्या माणसांत आठ आठवडे ही सीमा, मुलांत चार.

सुरुवात औषधांच्या डब्यापासून करा. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांचं नाव '-प्रिल'ने संपतं (रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिन्डोप्रिल) त्या काही जणांत घशात खाजरा, कोरडा खोकला आणतात. गोळी सुरू केल्यावर लगेच किंवा कित्येक महिन्यांनीही तो सुरू होतो, त्यामुळे संबंध लक्षात येत नाही. गोळी बदलली की बहुधा एक ते चार आठवड्यांत थांबतो, क्वचित तीन महिने लागतात. गोळी स्वतःच बंद करायची नाही. डॉक्टर तिच्या जागी टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन देतात आणि दोन रुपयांच्या बदलात वर्षभराचं सिरप वाचतं.

मग वेळ पाहा. पहाटे तीन-चारला जाग आणणारा, जिना चढल्यावर, हसल्यावर, उदबत्तीच्या धुराने उफाळणारा खोकला बऱ्याचदा दम्याचा असतो. छातीत सूं-सूं वाजलंच पाहिजे असं नाही, काहींत दमा फक्त खोकल्याच्या रूपानेच येतो. दुपारी केलेली फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, नॉर्मल येऊ शकते. म्हणून दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो मीटरवर फुंकून आकडे लिहून ठेवणं जास्त बोलकं ठरतं.

दम्याचा उपचार पंप, आणि पंपाला घरचा ठरलेला विरोध: "एकदा लागला की सुटत नाही." हिशेब करून बघा. साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीचा चाळिसावा हिस्सा, तोही थेट नळीत. गोळीने हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाने ते फार कमी. पंप निकामी ठरतो तो चुकीच्या पद्धतीमुळे. बरेच जण आधी दाबतात आणि मग श्वास घेतात, सगळं औषध जिभेवर बसतं. पंप हलवा, ताठ बसा, आतला श्वास पूर्ण बाहेर सोडा, स्पेसरचं (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्याचं) तोंड ओठांत घट्ट धरा, एकदाच दाबा, सावकाश खोल ओढा आणि दहा सेकंद रोखा. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर खळखळून चूळ भरून थुंका, नाहीतर जिभेवर पांढरा थर धरतो. स्पेसर ही चैन नाही. तो नसेल तर बरंचसं औषध घशाच्या मागच्या भिंतीवरच चिकटतं.

विदर्भात किंवा हत्तीरोगाच्या इतर पट्ट्यांत राहणाऱ्या, रात्रीच्या खोकल्याने आणि दम्यासारख्या लक्षणांनी हैराण माणसाच्या रक्ततपासणीत इओसिनोफिल पेशी ३,००० च्या वर असतील तर तो दमा नसून फायलेरियाच्या कृमींविरुद्धची फुप्फुसाची प्रतिक्रिया असू शकते. तीन आठवडे डीईसी या कृमिनाशक औषधाच्या गोळ्या दिल्या की खोकला झपाट्याने उतरतो. साध्या सीबीसीच्या कागदावर हा आकडा डोळ्यांसमोर असतो आणि तरीही सुटतो.

जेवून लगेच आडवं होणाऱ्यांत पित्त वर येऊन खोकला होतो, कधी छातीत जळजळ नसतानाही. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी संपवणं आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून तो १५ ते २० सेंटिमीटर उचलणं, याने फरक पडतो. उशा वाढवून उपयोग नाही; पोट दुमडतं आणि पित्त उलट जास्त चढतं. नाकातून घशात ओघळणारा शेंबूड, सतत खाकरण्याची सवय, हे आणखी एक नेहमीचं कारण. त्यावर मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि नाकातला स्प्रे. त्यासाठी पाणी उकळून गार केलेलं घ्यायचं, नळाचं थेट नाही. आणि हो, कानातल्या मळाचा खडाही खोकला आणू शकतो, कारण खोकला चेतवणाऱ्या चेतातंतूचीच एक फांदी कानाच्या नळीत पोचलेली असते. कान पाहायला अर्धं मिनिट लागतं.

धुराचं काय? विडी-सिगारेट आपण विचारतो, चूल विचारत नाही. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या, आयुष्यात विडी न ओढलेल्या बायकांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, होतो. सकाळी बेडका, चढावर धाप, दर थंडीत 'छाती भरणं', हे वयामुळे नव्हे. डासांची कॉइलही घरातच जळते. एका कॉइलमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचं प्रमाण ७५ ते १३७ सिगारेटींइतकं मोजलं गेलं आहे. मच्छरदाणी स्वस्त पडते. खिडकीत कबुतरं पोसणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं: त्यांची विष्ठा आणि पिसांची धूळ काहींच्या फुप्फुसांत ॲलर्जीची सूज आणते. कोरडा खोकला, हळूहळू वाढणारा दम, आणि वेळीच संपर्क तोडला नाही तर फुप्फुस कायमचं कडक होणं असा तिचा प्रवास. मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून २०२५ मध्ये झालेल्या वादात श्रद्धेची बाजू फार ऐकू आली, ही बाजू कमी. साधा एक्स-रे यात स्वच्छ दिसू शकतो; एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन, लागतो.

मुलांचा खोकला: श्वास मोजा

पाच वर्षांखालच्या मुलाचा खोकला किती मोठ्याने वाजतो यापेक्षा ते मिनिटाला किती श्वास घेतं हे महत्त्वाचं. मूल शांत असताना किंवा झोपेत, झबलं वर करून, पोटाकडे बघत पूर्ण ६० सेकंद मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चुकतं, कारण बाळांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हे न्यूमोनियाचं लक्षण मानून त्याच दिवशी दाखवायचं. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील, झटके आले असतील किंवा ते सुस्त पडलं असेल, तर उजाडण्याची वाट बघायची नाही. या मोजणीची ताकद गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी दाखवून दिली. फारसं न शिकलेल्या दाईलाही मणी सरकवत श्वास मोजता यावेत असं साधं साधन त्यांनी बनवलं. गावातच न्यूमोनिया ओळखून औषध दिल्याने बालमृत्यू घटतात हे सांगणारा त्यांचा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तुमच्या मोबाइलमध्ये तर सेकंदकाटा आहेच.

खेळता-खाता मूल अचानक ठसकलं, मग खोकला सुरू झाला, तर शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका किंवा सीताफळाची बी नळीत गेली असेल असं धरून चालावं, जरी नंतर मूल शांत झालं आणि एक्स-रे नॉर्मल आला तरी. दाणा एक्स-रेत दिसत नाही. आठवड्यांनी त्याच बाजूला वारंवार न्यूमोनिया होतो तेव्हा तो सापडतो. चार वर्षांखाली कूट द्या, अख्खा दाणा नको. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून दोन खवाट्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. वर्षावरच्या मुलाला पाठीवर पाच थापांनंतर, मागून विळखा घालून बेंबीच्या वर आत-वर झटके. त्याच वेळी कुणीतरी १०८ लावायचा. आंधळेपणाने घशात बोट घालू नका. दाणा आणखी आत सरकतो.

उबळीवर उबळ, शेवटी ओढून घेतलेला श्वास आणि उलटी, हा डांग्या खोकला. तान्ह्या बाळात तो ओढलेला आवाज येत नाही, बाळ श्वासच धरतं आणि निळं पडतं. म्हणून ६, १०, १४ आठवड्यांची पेंटाव्हॅलंट लस पुढे ढकलायची नसते, आणि १६ ते २४ महिने व पाच-सहा वर्षांचे बूस्टरही नाहीत.

आता सिरप. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने मूत्रपिंडं निकामी होऊन वीसहून जास्त मुलं दगावली. अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं, मुभा ०.१ टक्क्याची. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे टाळावीत, असं पुन्हा बजावलं. विष नसलेल्या सिरपचाही या वयात फायदा सिद्ध झालेला नाही, हे त्या बातम्यांत हरवलं. कुठलंही सिरप दिल्यावर मुलाला उलट्या होऊन लघवी कमी झाली तर बाटलीसकट रुग्णालय गाठा.

वर्षावरच्या मुलाला झोपायच्या आधी अर्धा चमचा मध पुरतो. वर्षाखाली मध अजिबात नाही, गुटीत उगाळूनही नाही. त्यातल्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा लुळं पाडणारा आजार होऊ शकतो. बाळंतिणीच्या खोलीतली धुरी थांबवावी, ओवा-वावडिंगाची असली तरी धूर तो धूरच. बाळाच्या नाकाजवळ कापूर नको, तो पोटात गेला तर झटके येतात.

मोठ्यांसाठी घरातलं आणि मेडिकलमधलं

कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, मध, पुरेसं पाणी: एवढ्याने घसा सुखावतो, आजाराचे दिवस कमी होत नाहीत. ज्येष्ठमधाची कांडी अधूनमधून ठीक. रोज चघळत राहिलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. अडुळशाला हसू नका: त्यातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध घडवलं गेलं. वाफारा घ्यायचा तर पातेलं मांडीवर किंवा मुलांच्या आसपास नको. वाफेने किती बरं वाटतं ते माणसागणिक वेगळं, भाजणं मात्र सगळ्यांना सारखंच.

सिरपची बाटली फिरवून मागचा मजकूर वाचा. एकाच बाटलीत खोकला दाबणारं आणि कफ सुटा करणारं औषध एकत्र आढळतं. सुटलेला कफ मग जाणार कुठे? क्लोरफेनिरामिनने झोप येते, गाडी चालवताना धोका. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी त्याने अडू शकते. फेनिलएफ्रिनने रक्तदाब चढतो. मधुमेह असेल तर साखरेचं प्रमाण पाहा. कोडीनची सवय लागते.

खोकल्यातून रक्त आलं तर तपासणी त्याच दिवशी, रेघ असली तरी. अर्ध्या कपाहून जास्त असेल तर सरळ १०८. बसल्या जागी दम, एक वाक्य एका दमात न बोलता येणं, ऑक्सिजन ९४ च्या खाली (बोट गरम करून, नेलपॉलिश काढून पुन्हा मोजा), छातीत टोचून दुखणं, म्हाताऱ्या माणसाचं बरळणं, एका पोटरीची सूज आणि अचानक धाप, ही सगळी तातडीची लक्षणं. आडवं पडल्यावर खोकला येतो, उठून बसलं की थांबतो आणि पावलं सुजलेली आहेत, तर छातीच्या नव्हे, हृदयाच्या तपासण्या लागतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा नेहमीचा खोकला बदलला, आवाज तीन आठवडे बसून राहिला, तर एक्स-रे आणि घशाची तपासणी टाळू नये. पक्षाघात झालेला माणूस दर घोटाला ठसकत असेल तर अन्न फुप्फुसात जातंय.

डॉक्टरकडे जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जा, नुसती नावं सांगू नका. खोकल्याची तारीख, महिन्याभरातलं वजन, रात्रीच्या खोकल्याचा मोबाइलवर केलेला आवाज, आणि जुन्या एक्स-रेच्या फिल्म्स, मग त्या दहा वर्षांपूर्वीच्या का असेनात. आजच्या फिल्मवरचा डाग ताजा आहे की जुन्या आजाराचा व्रण, हे त्या शेजारी धरल्याशिवाय सांगता येत नाही, आणि त्या माळ्यावर राहिल्या तर नाहक सीटी स्कॅन करावा लागतो.